रिकाम्या हातांचं काय करायचं

पहिल्यांदा दुसऱ्या डीजेबरोबर वाजवलं तेव्हा माझी खरी पंचाईत झाली ती हातांची. माझं गाणं संपलं, त्याचं सुरू झालं आणि हातांना काम उरलं नाही. एकट्याने वाजवताना हात कधी रिकामे नसतात. एक गाणं चालू असतं तोवर पुढचं शोधायचं, हेडफोनमध्ये ऐकायचं, पिच म्हणजे गाण्याचा वेग जुळवायचा, आणि काहीच नसेल तर एखादी नॉब उगाच अर्धी फिरवून परत जागेवर आणायची. त्या रात्रीही माझा हात सवयीने मिक्सरवर गेला. त्याच्या चॅनलचा बेस मला जरा जास्त वाटला, म्हणून मी तो कमी केला. त्याने माझ्याकडे न बघता बेस होता तिथे परत नेला. दोन मिनिटांनी मी हाय, म्हणजे वरचे बारीक आवाज, किंचित वाढवले. तेही त्याने खाली आणले. तिसऱ्यांदा त्याने माझं मनगट धरलं, अगदी हलकेच, आणि हात उचलून बाजूला ठेवला. जसा काही तो टेबलावर कुणीतरी विसरून गेलेला रुमाल होता.

सेट संपल्यावर म्हणाला, “माझं गाणं चालू असताना हात मागे बांधायचे. जमत नसेल तर पाण्याची बाटली धर.”

तो माझ्यापेक्षा बराच मोठा होता, मी त्याला दादा म्हणायचो, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. मी बाटली धरायला लागलो. (झाकण घट्ट लावलेली. मिक्सरवर पाणी सांडलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, पण ती गोष्ट इथे नको.) आज इतकी वर्षं झाली, किती जणांबरोबर वाजवलं, तरी समोरच्याचं गाणं सुरू झालं की माझा डावा हात आपोआप बाटली शोधतो.

डीजेचं काम एकट्याचं, असं आपण धरून चालतो. उंचावर एक टेबल, त्यामागे एक माणूस, कानाला एक हेडफोन. पण हे चित्र उशिराचं आहे. जमैकातल्या साउंड सिस्टिममध्ये, म्हणजे मोठे स्पीकर लावून पार्ट्या वाजवणाऱ्या मंडळींत, रेकॉर्ड लावणारा वेगळा आणि माइकवर बोलणारा वेगळा. गंमत म्हणजे तिथे रेकॉर्ड लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात आणि डीजे म्हणतात तो बोलणाऱ्याला. किंग टबीच्या साउंड सिस्टिमवर यू-रॉय बोलायचा, तर तिथला डीजे यू-रॉय. त्याच जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला कूल हर्क पुढे न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये राहायला आला आणि 11 ऑगस्ट 1973 ला 1520 सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत बहिणीने ठरवलेल्या पार्टीत त्याने रेकॉर्ड वाजवल्या. माइकवर कोक ला रॉक होता. म्हणजे ज्या रात्रीपासून हिप-हॉपचं वय मोजतात, त्या रात्रीही काम दोघांनी वाटून घेतलं होतं, आणि पार्टी भरवणारी बहीण धरली तर तिघांनी.

आम्ही जे करतो त्याला बी टू बी म्हणतात, म्हणजे बॅक टू बॅक. प्रत्यक्षात पाठीला पाठ कुणीच लावत नाही, खांद्याला खांदा मात्र सतत लागतो, कारण बूथ एका माणसाच्या मापाने बांधलेलं असतं. पद्धती तीन. एकेक गाणं आळीपाळीने, दोन-दोन किंवा तीन-तीन गाणी, नाहीतर घड्याळ लावून अर्धा-अर्धा तास. अर्धा तास मला सहकार्य वाटतच नाही. ते एकाच रिक्षातून दोन अनोळखी माणसांनी जाण्यासारखं आहे. आणि एकेक गाणं ही सर्वांत लोकप्रिय पद्धत, पण माझ्या मते सर्वांत अवघड. नवे लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

हिशेब करून बघा. 128 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 128 मात्रांच्या, गाण्यात 64 मात्रा म्हणजे बरोबर 30 सेकंद. सहा मिनिटांचं गाणं असेल तर सुरुवातीचं एक मिनिट मागच्या गाण्यातून आत यायला जातं आणि शेवटचं एक मिनिट पुढच्याला वाट द्यायला. उरली चार मिनिटं. एवढ्यात समोरच्याने काय लावलं आहे ते कळायला हवं, खोलीने ते कसं घेतलं ते दिसायला हवं, आणि त्यावरून स्वतःचं पुढचं गाणं ठरवून डेकवर, म्हणजे आपल्या प्लेअरवर, चढवायला हवं. घरून ठरवून आणलेलं काहीही चालत नाही, कारण मध्ये प्रत्येक वेळी दुसऱ्याची इच्छा येते. शिवाय आपल्याला एकच गाणं मिळणार म्हटल्यावर प्रत्येकजण आपलं भारीतलं भारी गाणं काढतो. दोघेही पहिल्या डावापासून हुकमाची पानं टाकत सुटतात आणि पाऊण तासात दोघांचे हात रिकामे. तीन-तीनच्या पद्धतीत श्वास घ्यायला जागा असते. पहिलं गाणं समोरच्याचं बोट धरून चालतं, दुसरं आपल्या मनाचं असतं, तिसरं परत त्याच्या हातात देण्यासाठी.

लोक याला जुगलबंदी म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण ते बरोबर नाही. जुगलबंदीत दोघांचे सूर एकाच वेळी कानावर असतात. आमच्याकडे बहुतेक वेळ एक वाजत असतो आणि दुसरा गप्प उभा असतो. मला विचाराल तर हा प्रकार गाण्यांच्या भेंड्यांच्या जास्त जवळचा आहे. समोरच्याने कुठल्या अक्षरावर सोडलं आहे, त्यावर तुमचं सगळं ठरतं. आणि भेंड्या खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की काही लोक मुद्दाम ‘ळ’वर सोडतात.

मी एकदा तसं केलं. मुद्दाम नाही, पण केलं. आता ज्या मैत्रिणीबरोबर मी नेहमी वाजवतो, तिच्यासोबतच्या सुरुवातीच्या एका सेटची गोष्ट. माझ्याकडे एक गाणं होतं, ज्याचा शेवट फक्त आवाजावर होतो. ढोलाचा ठोका आधीच निघून जातो, मग एक बाई गात राहते, तिचा आवाज विरळ होत होत थांबतो. नाचायच्या गाण्यांना बहुतेक वेळा शेवटी अर्धं-एक मिनिट नुसता ठोका ठेवलेला असतो, तो दुसऱ्या डीजेसाठीच. दोन गाण्यांच्या मात्रा एकावर एक बसवायच्या तर दोन्हीकडे मात्रा ऐकू यायला हव्यात ना. माझ्या गाण्यात ती सोयच नव्हती. मी मात्र लोकांनी हात वर केलेले बघण्यात गुंग. माझं गाणं किती छान लागलं, याच आनंदात.

ती हेडफोन कानाला लावून वाट बघत होती की ठोका परत येईल. तो येत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा वीसेक सेकंद उरली असतील. तिने डेकवर चढवलेलं गाणं काढलं, दुसरं शोधलं, तेही सोडून दिलं. मी कानाशी जाऊन काहीतरी सांगायला लागलो, तर तिने नुसता हात वर केला: थांब. मग हेडफोन गळ्यात घेतला आणि काहीच केलं नाही. बाईचा आवाज संपू दिला. पुरता संपू दिला. खोलीत शांतता झाली, तीन सेकंद असेल, पण बूथमध्ये उभं असताना तीन सेकंद म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच माहीत. कुणीतरी शिट्टी मारली. आणि तिने एक जुनं, ओबडधोबड, नुसत्या ड्रमचं गाणं पहिल्या मात्रेपासून पूर्ण आवाजात सोडलं. कुठे मिसळलं नाही, जुळवलं नाही. खोली अक्षरशः ओरडली.

मला वाटलं, वाचलो. नंतर सामान भरताना ती शांतपणे म्हणाली, “पुन्हा ळ-वर सोडलंस तर मी हेडफोन काढून निघून जाईन. मग तू आणि तुझी बाई बघून घ्या.”

तेव्हापासून आमच्यात ‘ळ’ हा शब्द रूढ झाला आहे. बूथमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ती बोटाने हवेत ळ काढून दाखवते: तुझ्या गाण्याला शेपूट आहे ना? मी मान हलवतो. नसेल तर शेवटच्या चांगल्या चार बारांची (सोळा मात्रांची) लूप पकडून तेवढाच तुकडा फिरवत ठेवतो आणि तिचं गाणं आत येईपर्यंत सोडत नाही. आता गाणं निवडताना मी आधी त्याचा शेवट ऐकतो. पूर्वी ड्रॉप ऐकायचो, म्हणजे ठोका जोरात परत येतो ती जागा.

सुरांचंही तसंच. हल्ली प्रत्येक गाण्याशेजारी त्याच्या पट्टीचा आकडा दिसतो, 8ए, 9ए असा, बारा तासांच्या घड्याळासारखा मांडलेला. शेजारचा आकडा घेतला की सूर भांडत नाहीत. सोय चांगली आहे, पण दोघांत फसवी. मी गाण्याचा वेग बदलला तरी पट्टी तीच राहावी म्हणून मास्टर टेम्पो चालू ठेवतो. तिला त्याने येणारी खरखर आवडत नाही, ती बंद ठेवते. बंद असताना वेग 6 टक्के वाढवला की गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं, सा होता तिथे कोमल रे ऐकू येतो. स्क्रीनवर मात्र काही प्लेअर जुनाच आकडा दाखवत राहतात. तिच्या 8ए-वर मी विश्वासाने माझं 8ए चढवलं आणि दोन पेट्या वेगवेगळ्या पट्टीत वाजाव्यात तसा कल्लोळ झाला, असं दोनदा घडलं आहे. मग मी आकडा बघणं सोडलं आणि तिचं गाणं ऐकायला लागलो. तिच्या पाळीला माझ्याकडे वेळच वेळ असतो, हात तर तसेही बाटलीवर.

या ऐकण्याचा आणखी एक अडथळा म्हणजे बूथमधला मॉनिटर, डीजेच्या कानाशी ठेवलेला स्पीकर. बाहेरचे मोठे स्पीकर आपल्यापासून 17 मीटरवर असतील, तर तिथला आवाज आपल्या कानाशी 50 मिलिसेकंद उशिरा येतो. 128 बीपीएमला एक मात्रा साधारण 469 मिलिसेकंदांची, म्हणजे हा उशीर मात्रेच्या दहाव्या भागाहून थोडा जास्तच. बाहेरच्या आवाजावर मात्रा जुळवायला गेलात की गाडी रुळावरून घसरलीच म्हणून समजा. म्हणून जवळचा मॉनिटर हवा. पण किती मोठा, यावर दोन डीजेंचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. दादाला तो छातीत धडकेल इतका हवा असायचा. मला माझे कान अजून काही वर्षं लागणार आहेत. आमचा तह असा होता की ज्याची पाळी त्याचा मॉनिटर, आणि पाळी संपली की ज्याने वाढवला त्यानेच तो खाली आणायचा. बाकी भांडणं पुष्कळ झाली, हा तह कधी मोडला नाही.

आवाजाची दुसरी लढाई जास्त छुपी असते. समोरच्याच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं एक केसभर मोठं लागलं की ते जास्त चांगलं वाटतं. कानाचा हा दुबळेपणा सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आपली पाळी आली की गेन, म्हणजे आपल्या चॅनलचा आवाज, जरासा वर. पुढच्या पाळीला तो जरासा वर. कुणी मुद्दाम करत नाही, किंवा करत असेल तर कबूल करत नाही. तासाभरात मीटर हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लालमध्ये जाऊन बसतो. मग गाणं मोठं लागत नाही, चिरडलेलं लागतं. ढोलाच्या ठोक्याची धार जाते. एकदा साउंडवाला बूथमध्ये आला, दोघांच्याही चॅनलचे गेन खाली आणले, एकूण आवाजाचा मास्टर खाली आणला आणि जाताना म्हणाला, “आता तिथून मी मागचा आवाज वाढवतो, तुम्ही दोघं इथे खेळा.” आम्ही दोघं शाळेत पकडल्यासारखे उभे.

यंत्रांबद्दल फार लिहीत नाही. पेनड्राइव्ह एफएटी 32 मध्ये फॉरमॅट करून आणावा, कारण जुने प्लेअर एक्सफॅट वाचत नाहीत, आणि बूथमध्ये पोचल्यावर हे कळण्यात काही मजा नाही. आणि प्लेअर केबलने एकमेकांना जोडलेले असतील तर एकाच पेनड्राइव्हवरून सगळीकडे गाणी जातात, म्हणून निघताना स्वतःचा पेनड्राइव्ह उपटण्याआधी दुसऱ्या प्लेअरवर त्यातलं गाणं चालू नाही ना हे बघावं. एकाने माझ्यासमोर उपटला होता. प्लेअर बिचारा शेवटच्या चार मात्रा पुन्हा पुन्हा घोळवत राहिला. उपटणारा ‘हे मस्त आहे’ म्हणून नाचत होता. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरावं की नाही या वादात मला रस उरलेला नाही. ज्याने वाचलेला वेळ समोरच्याचं ऐकण्यात घालवला, त्याने खुशाल वापरावं. वेळ वाचवून मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढणाऱ्याने दोन टर्नटेबल घेऊन वर्षभर हाताने जुळवावं.

तिघा-चौघांनी आळीपाळीने वाजवणं हल्ली वाढलं आहे. पोस्टरवर चार नावं शोभून दिसतात. पण तुमची पाळी पंधरा-वीस मिनिटांनी येणार असेल तर मधल्या वेळात तुम्ही पाहुणे असता, वादक नव्हे. याला अपवाद टर्नटेबलवाल्यांचा, म्हणजे रेकॉर्ड हाताने फिरवून वाजवणाऱ्यांचा, ते मात्र खरोखर एकाच वेळी वाजवतात. क्यूबर्ट, मिक्स मास्टर माइक आणि अपोलो या तिघांनी 1992 मध्ये डीएमसी या डीजेंच्या स्पर्धेचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते असंच: एकाने रेकॉर्डवरून ड्रम काढायचे, दुसऱ्याने सूर, तिसऱ्याने त्यावर रेकॉर्ड पुढे-मागे घासून स्क्रॅच. तीन माणसांचा वाद्यवृंद, वाद्य एकच. त्यात मात्रा चुकली तर झाकायला काहीच नसतं. मी एकदा एका मित्राबरोबर तसा प्रयत्न केला, महिनाभर. त्याचा ताल माझ्यापेक्षा पक्का होता, आणि मला ते रोज ऐकू येत होतं. महिन्याअखेर आम्ही मित्र राहायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर दोघांनी वाजवण्याचं सर्वांत चांगलं शिक्षण मला बी टू बीमधून मिळालं नाही, वॉर्मअपमधून मिळालं. मुख्य डीजेच्या आधी दोन तास वाजवायचं, त्याला तुम्ही कदाचित भेटतही नाही, आणि तरी पूर्ण वेळ त्याच्यासाठी वाजवायचं. त्याची प्रसिद्ध गाणी लावायची नाहीत. तो 128 वर सुरुवात करणार असेल तर तुम्ही 120-122 वर थांबायचं. खोली पेटायला आली की फुंकर मारायची नाही. सुरुवातीला मला हा अन्याय वाटायचा. एकदा न राहवून मी शेवटच्या वीस मिनिटांत सगळं जाळून टाकलं, लोक खूश, मी घामाघूम. मागून आलेल्या डीजेने माझ्याशी हात मिळवला, माझं गाणं संपू दिलं आणि थेट अगदी संथ काहीतरी लावून खोली परत शून्यावर आणली. त्याला त्यात अर्धा तास गेला. तो मला एक शब्दही बोलला नाही. दादा असता तर मनगट तरी धरलं असतं.

आता थोडं वहीबद्दल. प्लेअर वाजवलेल्या गाण्यांची यादी ठेवतो, पण डेकवर चढवून, हेडफोनमध्ये ऐकून, मग काढून टाकलेल्या गाण्यांची कुठेच नोंद राहत नाही. एकट्याच्या सेटमध्ये अशी गाणी थोडी असतात. दोघांच्या सेटमध्ये ती वाजलेल्या गाण्यांपेक्षा जास्त भरतात. समोरच्याने ऐन वेळी वळण घेतलं की तुमचं चढवलेलं गाणं गेलं. दोन वर्षांपूर्वी मी ती लिहून ठेवायला लागलो, गाण्याचं नाव आणि तारीख, बस. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

एकदा ती वही तिच्या हाती लागली. पानं उलटत एका नावावर थांबली. संथ, बेसचं, जरा उदास गाणं आहे, मला फार आवडतं.

“हे कधी वाजवणार?”

“तू त्याच्या आधीचं वाजवशील तेव्हा.”

“म्हणजे कुठलं?”

मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मात्र गेल्या महिन्यात, सेटच्या दुसऱ्या तासात, तिने तिच्या तीन गाण्यांतलं तिसरं लावलं आणि मी चपापलो. तेच होतं. पट्टी बरोबर, वेग बरोबर, शेवटी लांबलचक शेपूट, त्यात नुसता ठोका आणि एक सूर. तिने हवेत बोटाने ळ काढला आणि त्यावर काट मारली. मी वहीतलं गाणं चढवलं, पहिल्या मात्रेवर आणून ठेवलं, हेडफोनमध्ये दोन्ही एकत्र ऐकली. इतकं नेमकं बसत होतं की मला हसू आलं.

मग मी मान वर करून खोलीकडे पाहिलं. पुढच्या रांगेतले लोक आत्ताच कुठे नाचायला लागले होते. अर्धवट आत आलेली काही मंडळी दारापाशी घुटमळत होती. आणखी संथ काही लावलं असतं तर तीही वळली असती. तिने दिलेली वाट उदास गाण्याकडे जात होती तशी दुसरीकडेही जात होती. माझ्याकडे 64 मात्रा उरल्या होत्या.

मी गाणं काढलं, दुसरं चढवलं. ते ठीक लागलं. दारातले लोक आत आले. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत प्रश्न. मी खांदे उडवले. मग तिने माझ्या हातातली बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि परत न देता स्वतःकडेच ठेवली.

घरी आल्यावर वही उघडली. त्या नावापुढे दुसरी तारीख घातली.